डाव्या चाकाची चेन

भावजी, समाजाच्या मासिकासाठी तुमच्यावर लिहून द्या म्हणून माणूस आला होता. दिलं लिहून. कोप्पीकर रोडवरचं कापडाचं दुकान, सचोटीचा व्यवहार, उतारवयात उणकलला केलेली बाग, मागे पत्नी म्हणजे आमची अक्का, मुलगा, सून. फोटोही दिला, कोटातला. त्या फोटोत तुम्ही मला ओळखूच येत नाही. मी ज्या माणसाशी इतकी वर्षं भांडलो तो चिखलात पालथा पडून ट्रॅक्टरच्या चाकामागं हात घालणारा माणूस होता आणि त्याचा फोटो कुणी काढलेला नाही. म्हणून हे वेगळं लिहितोय. हे छापायला द्यायचं नाही, अक्काला तर मुळीच दाखवायचं नाही.

तो ट्रॅक्टर घेतलात तेव्हा मी हसलो होतो, ते तुम्ही शेवटपर्यंत विसरला नाहीत. बागेच्या ओळीतून जाईल असा बुटका, अरुंद. दुकान मुलाच्या हाती देऊन तुम्ही मोकळे झाला होतात आणि पेरू-चिकूच्या मागं लागला होतात. ट्रॅक्टर टेंपोत घालून थेट बेलूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, माझ्या लेथच्या शेडमध्ये आणलात. 'शामराव, लोखंडातला तू. सांग कसा आहे.' मी म्हटलं, 'छान आहे की हो. मोठा झाला की परत दाखवा.' शेडमधली सगळी माणसं हसली, तुम्ही नाही हसलात. कापडवाल्याला त्याच्या मालाची चेष्टा खपत नाही, हे मला उशिरा कळलं.

उन्हाळाभर तो नीट चालला. पाऊस लागला आणि उणकलची काळी माती त्याच्या टायरला धरून बसली. चाक जागच्या जागी गरगर फिरायचं आणि ट्रॅक्टर एक वीतही पुढं सरकायचा नाही. टायरवर चेन चढवायची कल्पना तुमचीच. दांडेलीकडं लाकूड ओढणाऱ्या गाड्यांना तुम्ही पाहिली होती. मी बाजारातून कड्या आणल्या, मापानं जोडल्या आणि मागच्या दोन चाकांसाठी शिडीसारख्या दोन चेनी करून दिल्या. घालायला बसलो तेव्हा घोटाळा कळला. चाक आणि मडगार्डची आतली पट्टी यांच्यात तळहात उभा धरला तरच जाईल एवढीच जागा होती. मी म्हटलं, परत करा हे खेळणं. तुम्ही म्हणालात, 'इरली बिडो.' असू दे रे. तुमच्या तोंडून कानडी निघालं की वाद संपला असं तुम्ही धरायचात. मी कधीच धरलं नाही.

तेव्हापासून नागपंचमी आपली झाली. त्या दिवशी माती उकरायची नाही, कुदळ लावायची नाही, म्हणून ट्रॅक्टरला सुट्टी. आणि आपल्याकडं पंचमी म्हणजे भावाबहिणीचा सण. आईवडील गेल्यावर अक्काला माहेर म्हणून मीच उरलो आणि तिचे गुडघे दुखरे, म्हणून माहेरच स्कूटरवर बसून तिच्याकडं यायचं. घरातल्या एकेकाच्या नावानं ती नागाला दूध घालायची, मला शेंगदाण्याचे आणि भाजक्या पिठाच्या तंबिटाचे लाडू खायला घालायची, आणि मग आपण दोघं चाकांपाशी. ती म्हणायची, 'अहो, आज लोखंडालाही हात लावू नये.' तुम्ही म्हणायचात, 'उकरत कुठं आहे? नुसतं नेसवतोय.'

चेन नेसवणं. हा शब्द तुम्ही माझ्या शेडमध्येही रुजवलात. आमची पोरं अजून तसंच म्हणतात.

टायरमधली थोडी हवा सोडायची. चेन जमिनीवर पसरून तिचा पीळ काढायचा. हुकांची टोकं बाहेरच्या अंगाला, नाहीतर रबर कापतं. मग ती टायरवर टाकायची, ट्रॅक्टर थोडा मागं घ्यायचा, चेन चाकाबरोबर फिरून पलीकडून वर येते. इथवर काम माझं. आतल्या अंगाचा हूक मात्र तुमचा. माझा पंजा त्या फटीत मनगटाशीच अडकायचा. तुमचा हात बारीक, जन्मभर कापडाच्या घड्या घातलेला. तुम्ही चिखलात पालथे पडायचात, टायरला गाल टेकवायचात, डोळे मिटायचात आणि आत चाचपत राहायचात. मी विचारायचो, 'दिसतंय का काही?' तुम्ही म्हणायचात, 'दिसायला कशाला पाहिजे?' दुकानातही तुमचं असंच. गल्ल्यावर बसून, मान वर न करता, कापड फाडल्याच्या आवाजावरून सांगायचात की पोरानं तिरकं फाडलंय. खट् झालं की हात बाहेर यायचा, कोपरापर्यंत काळा. मग बाहेरचा हूक, मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून ताण द्यायचा आणि हवा परत भरायची. चेन टायरला अशी घट्ट बसायची की मला तुमचं कौतुक करावंसं वाटायचं. केलं मात्र नाही. तुमच्या तोंडावर तर कधीच नाही.

कारण डावीकडचा तो आवाज. जागा एवढी कमी की डाव्या चाकाचा आतला हूक प्रत्येक फेऱ्याला मडगार्डच्या पट्टीला घासून जायचा. टण्. परत टण्. ते ऐकून माझ्या दाताला कळ यायची. चाक जरा बाहेर सरकवायचं, एवढाच त्याला उपाय. मी लेथवर दोन स्पेसर, म्हणजे चाकामागं घालायच्या जाड चकत्या, कातले, लांब बोल्ट आणले, ग्रीस लावून कागदात गुंडाळून तुम्हाला दिले. तासाभराचं काम. तुम्ही म्हणालात, चाकं बाहेर आली तर ठिबकच्या नळ्यांवरून जातील. मी नळ्या मोजून दाखवल्या, जात नव्हत्या. मग म्हणालात, पुढच्या पंचमीला बघू. दर पंचमीला तेच. मागं नवं अपार्टमेंट झालं तेव्हा तिथले एक गृहस्थ फाटकाशी येऊन ओरडले, 'एन सप्पळरी इदु?' काय हा आवाज म्हणून. तुम्ही त्यांना आत बोलावून टोपलीभर पेरू दिलेत. ते पेरू घेऊन गेले, आवाज तसाच राहिला. मी त्या दिवशी तुम्हाला हट्टी म्हातारा म्हणालो. अक्का दारातच उभी होती, ती वळून आत गेली.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे माझा नियम. चेन नेसवल्यावर चार फेऱ्या मारायच्या, इंजिन बंद करून उतरायचं, ढिली पडली असेल ती आवळायची, मग पुढं. चिखलात तर पुन्हा पुन्हा. नाहीतर सुटलेली चेन पत्रा फाडते. हे मी तुम्हाला पहिल्या पंचमीला बजावलं आणि स्पेसरचं ऐकलं नाहीत तरी हे तुम्ही ऐकलंत. नियम बरोबर आहे. उद्या कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

या पंचमीनंतर तुम्ही गेलात, त्या दुपारी मी बेलूरला होतो. जे कळलं ते अक्काकडून. जेवण झाल्यावर तुम्ही खताची ट्रॉली जोडून पेरूच्या लांबच्या ओळीत गेलात. तिथून इंजिन नीट ऐकू येत नाही, हायवेच्या गाड्यांत मिसळून जातं. टण् तेवढी वेगळी कळते. ती कळत होती. मग थांबली. अक्का म्हणाली, 'आवळत असतील,' आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. चहा झाला, झाकून ठेवला, निवला. तेव्हा ती काठी घेऊन निघाली. तुम्ही डाव्या चाकाला टेकून बसला होतात, पाना हाताशी, पाय पुढं पसरलेले. डॉक्टर म्हणाले, 'क्षणात गेले, त्यांना कळलंही नसेल.' सगळ्यांना हे वाक्य फार बरं वाटलं. मलाही वाटलं, काही दिवस.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. तुमचा मुलगा आईला दुकानावरच्या घरी न्यायला बघत होता, ती हलायला तयार नव्हती. तिचं चुकतं असं कुणी म्हणेना, पण ती जेवत नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहायची, बागेकडं कान लावून. मी म्हटलं, तुमच्या मुलानं अंगणात आणून लावलेलं ते लोखंड तरी निदान तिच्या डोळ्यांसमोरून हलवू. पाने घेऊन ट्रॅक्टरकडं निघालो तर खिडकीतून हाक आली, 'शाम्या, हात लावू नकोस.' साठी उलटलेल्या मला शाम्या म्हणणारी आता ती एकटीच.

आत गेलो. ती म्हणाली, 'त्यांनी तुझे ते स्पेसर का नाही लावले माहीत आहे का?'

मी म्हटलं, 'हट्ट. दुसरं काय?'

'मीच नको म्हटलं होतं. मला तिथवर चालवत नाही. आवाज आला की कळायचं कुठल्या ओळीत आहेत, वळले का, परत येतायत का. त्यांना म्हटलं, राहू दे तो आवाज, मला सोबत होते.'

भावजी, इतकी वर्षं तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्यात. एकदा म्हणायचं होतंत, तुझ्या बहिणीला पाहिजे म्हणून. मी गप्प बसलो असतो. नसतो बसलो कदाचित, पण तुम्ही सांगायचं होतंत. बायकोच्या मनातल्या भीतीचा बोभाटा होऊ नये म्हणून हट्टी म्हातारा ही पदवी घेऊन तुम्ही गेलात आणि मला आता ती परत घेताही येत नाही.

मग तिनं जे विचारलं त्यासाठी हे सगळं लिहितोय. ताटातला भात चिवडत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, 'चेन आवळताना पत्र्यावर ठोकावं लागतं का रे?'

मी विचारलं, 'का?'

'ट्रॅक्टर थांबल्यावर वाजलं होतं. टण्. जरा थांबून परत. मी म्हटलं आवळतायत, ठोकत असतील. मी चहात साखर घातली.'

चेन आवळताना कुठं काही ठोकावं लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मी म्हटलं, 'लागतं कधी कधी.' तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी लहानपणापासून तिच्याशी खोटं बोलत आलोय आणि एकदाही पचलेलं नाही. तिनं ताट सारलं आणि उठली.

आणि तिला जे माहीत नव्हतं ते मला आदल्या दिवशीच दिसलं होतं. डाव्या मडगार्डच्या बाहेरच्या कडेला रंगाचा टवका उडालाय. आत पत्रा चकाकतोय, गंज धरलेला नाही. हूक तिथवर पोचत नाही. हूक लागतो तो आत, पट्टीला. तिथं, बाहेर, खाली बसलेल्या माणसाचा हात पोचतो. तो टवका आधीचा असेल. पंचमीला होता का, मी आठवून आठवून थकलो. कधी वाटतं होता, फाटकाला घासला असेल. कधी वाटतं त्या जागी तर मी तुमच्यासमोर फडक्यानं पुसलं होतं. डोळा लागतो आणि ते सुरू होतं. टण्. जरा थांबून परत. बेलूरच्या शेडमध्ये भरदिवसा, लेथ चालू असताना मी दोनदा बाहेर येऊन बघितलं कोण हाक मारतंय म्हणून.

मला ते सहन होईना आणि अक्का वाळत चालली होती. ती त्या घरात राहू शकत नव्हती आणि सोडूही शकत नव्हती. म्हटलं, एकदा बघूच. थांबलेल्या ट्रॅक्टरची चेन आपणहून वाजते का, एवढंच. तिला काही न सांगता मी गेलो. झिमझिम चालू होती. चेन तुम्ही ठेवलीत तशीच होती, डावीकडची ट्यूबची एक पट्टी तुटलेली, चेन लोंबलेली. म्हणजे आवळायची खरंच गरज होती. तुम्ही आवळायलाच उतरला होतात, हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं.

चढण्याआधी टवक्यावर मी ओली माती थापली. का थापली ते विचारू नका.

तुमच्या सीटवर बसलो. गुडघे छातीशी आले. ट्रॅक्टर सुरू झाला, पहिल्याच खटक्यात, आणि निघाला, आणि टण्. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? लांबच्या ओळीत गेलो, परत आलो, तुम्ही थांबलात तिथं थांबलो आणि इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले. पानांवरून पाणी गळत होतं. बाकी काही नाही. मी वाट बघत बसलो, आणि भावजी, मी मनातल्या मनात तुम्हाला म्हटलं, वाजवा हो. कुणी का वाजवेना, वाजू दे.

वर अडकून राहिलेला हूक मातीच्या लपक्यासकट घसरला आणि पट्टीवर आपटला. टण्.

मी ओरडलोच. मग ओळीच्या टोकाला अक्का दिसली. काठी नव्हती हातात. लुगडं वर खोचलेलं, चप्पल कुठंतरी चिखलात राहिलेली. थांबल्याचं कळताच ती निघाली होती, या खेपेला चहा ठेवला नव्हता. त्या गुडघ्यांनी ती तिथवर कशी आली, मला कळलं नाही. जवळ येऊन झाडाला धरून उभी राहिली.

'वाजलं,' ती म्हणाली.

'हो.'

'तू काही केलंस?'

मी हात दाखवले. 'हे बघ. इथंच आहेत.'

आम्ही दोघं ऐकत राहिलो. टायर जरासा खचला, चेन ओघळली आणि परत वाजली. पहिल्यापेक्षा हळू, पण वाजली. अक्काला रडू फुटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी उतरून तिच्यापाशी गेलो, तिला धरलं. 'असंच,' ती म्हणत होती. 'अगदी असंच. जरा थांबून परत.' मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, 'आपणहून वाजतं रे ते.' मी म्हटलं, 'आपणहूनच वाजतं.' या वेळी तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मग म्हणाली, 'आवळ आता, अशी लोंबती ठेवू नकोस.' मी म्हटलं, 'आतला हूक माझ्यानं होत नाही. तो त्यांचा.' तिनं खताचं रिकामं पोतं ओढलं, त्यावर बसली, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि फटीत हात घातला. गाल टायरला टेकवला, डोळे मिटले. तिला तुम्ही कधी दाखवलं होतंत? की दर पंचमीला दारातून बघूनच शिकली? मी विचारलं, 'दिसतंय का काही?' तशीच डोळे मिटून ती म्हणाली, 'गप्प बस.' खट् झालं.

स्पेसर फळीवर आहेत, तुमच्या त्या ग्रीसच्या कागदात. ते तिथंच राहणार. दर रविवारी मी येतो, अक्का आतला हूक बसवते, मी बाहेरचा, आणि मग बागेत फिरतो. अपार्टमेंटवाल्या गृहस्थांना पेरू पोचवलेत. अक्का दोन्ही वेळा जेवते. तुमच्या मुलाला तिनं सांगितलंय की ती कुठं जात नाही. नियमात मी एक भर घातली आहे. थांबलो की मोठ्यानं ओरडायचं, 'अक्का, आवळतोय!' ती खिडकीतून तेवढ्याच मोठ्यानं 'हूं' म्हणते, मगच मी पाना उचलतो. हे पहिल्या पंचमीला सुचायला हवं होतं.

तुम्हाला चांगलं नेसवता यायचं, भावजी. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, ते आता म्हणतो.

टवक्यावर मी रंग लावून घेतलाय. लाल, त्याच डब्यातला. तुम्ही मला हाक मारत होतात का, हे आता विचारणार नाही, कारण हाक मला नव्हतीच. अक्काला वाटतंय, ते आपणहून वाजलं. ती आता झोपते. मी तिला काही सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.